ध चा मा कोणी केला?

(कर्जत येथे बचत गटांच्या अभ्यास शिबिरात केलेलं भाषण, लिहिताना थोडं वाढवून)



सकाळच्या सत्रात आपण सातबारा, फेरफार आणि हक्कसोड पत्र यांवर बोललो. आता जेवणं झाली आहेत, पंखे दोनच आहेत आणि मागच्या दोन रांगांमधल्या मावशी भिंतीला टेकल्या आहेत, ते मला दिसतंय. संयोजक ताई म्हणाल्या, दुपारी काहीतरी गोष्टीसारखं सांगा. तर मी खुनाची गोष्ट सांगणार आहे. अडीचशे वर्षांपूर्वीची, घाट चढून गेलं की जे पहिलं मोठं शहर लागतं त्या पुण्यातली. इतिहासाच्या पुस्तकांत पेशवाईचा काळ 'मध्ययुगीन' या खात्यात घालतात. कर्जत स्टेशनवरून गाडीत बसलं तर दोन-सव्वादोन तासांत त्या वाड्याच्या जवळ पोचता येतं.

गोष्ट तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. नारायणराव पेशव्यांचा खून. खून कोणी केला असं विचारलं तर आत्ता या खोलीतून एकच नाव येईल. बघा, आलंच. आनंदीबाई.

हे नाव माझ्या डोक्यात का बसलं ते आधी सांगते. २०१६ साली आपल्या तालुक्यातल्या एका गावात जमिनीवरून खून झाला. गावाचं नाव घेत नाही, माणसं हयात आहेत. फार्महाऊसवाल्याने इसार दिला होता, तो काकाने परस्पर घेतला, पुतण्या जाब विचारायला आला, अंगणात मारामारी झाली आणि कोयता लागून पुतण्या गेला. चोविशीतला मुलगा होता. पुढे गावात बैठक झाली, मीही गेले होते. तिथे एक वयस्कर गृहस्थ उभे राहिले. चांगले शिकलेले, निवृत्त. त्या काकाच्या बायकोकडे बोट करून म्हणाले, "पुरुष काय, रागाच्या भरात करतात. या घरातली आनंदीबाई ही आहे." आणि बैठकीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. बायकांनीसुद्धा. खरं सांगायचं तर एक क्षणभर मीसुद्धा. मग घरी येऊन पुस्तकं काढली.

तर आधी काय घडलं ते पाहू.

थोरले माधवराव पेशवे नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊरला क्षयाने गेले. त्यांच्यामागे गादीवर आला धाकटा भाऊ नारायणराव, वय सतरा. चुलता रघुनाथराव, म्हणजे अटकेपर्यंत गेलेला राघोबादादा, त्याला वाटत होतं की गादी आपली. पुतण्याने चुलत्याला शनिवारवाड्यातच नजरकैदेत ठेवलं होतं. वाड्याच्या पहाऱ्यावर गारदी होते, म्हणजे पगारी शिपाई, आणि त्यांचा पगार थकला होता. ३० ऑगस्ट १७७३, ऐन गणपतीचे दिवस, अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशीची दुपार. सुमेरसिंग, खरकसिंग, महंमद युसुफ यांच्या हाताखालचे गारदी वाड्यात घुसले. नारायणराव पळत चुलत्याच्या दालनात गेला आणि चुलत्याला मिठी मारली. तुळाजी पवार नावाच्या खिदमतगाराने त्याला पाय धरून ओढलं असं सांगतात. चाफाजी टिळेकर नावाचा नोकर धन्याच्या अंगावर आडवा पडला, दोघेही कापले गेले. मुलगा अठरा वर्षांचा होता. त्याची बायको गंगाबाई गरोदर होती.

अर्ध्या तासात सगळं आटोपलं. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी मेलेल्यांचा हिशेब दिला आहे: अकरा माणसं. नारायणराव धरून सात ब्राह्मण, दोन मराठा नोकर आणि दोन दासी. शिवाय एक गाय. त्या दोन दासींकडे मी पुन्हा येणार आहे, लक्षात ठेवा.

आता पुणं त्या वेळी कसं होतं? आज आपण त्याला विद्येचं माहेरघर म्हणतो. विद्यापीठ १९४९ चं, आणि २०१४ पासून त्याला सावित्रीबाई फुल्यांचं नाव आहे. पण विद्येचा मान त्याआधीचा. पेशवे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत, त्यासाठी लांबलांबून शास्त्री-पंडित पुण्यात जमत, त्यांची परीक्षा होई. बायका आणि बाकीच्या जाती या परीक्षेला बसत नव्हत्या, हे वेगळं सांगायला नको. म्हणजे खून झाला तो काही कुठल्या रानात झाला नाही. न्याय, मीमांसा, धर्मशास्त्र यांचा काथ्याकूट जिथे रोज चालायचा, त्या शहराच्या मध्यभागी, भरदिवसा झाला, आणि श्रावणातली दक्षिणा वाटून फार दिवस झाले नव्हते.

त्या शहराची लाज राखली ती एका माणसाने. रामशास्त्री प्रभुणे, मूळचे साताऱ्याजवळच्या माहुलीचे, राज्याचे न्यायाधीश. रघुनाथराव पेशवा होऊन बसला होता, म्हणजे ज्याच्यावर संशय तोच मालक. अशा वेळी रामशास्त्र्यांनी चौकशी केली. सरदेसायांनी दिलेले आकडे मी वहीत उतरवून आणलेत, ते नीट ऐका. कटात सामील म्हणून जवळपास पन्नास माणसं निघाली. त्यांत एकोणपन्नास पुरुष. तेरा गारदी, त्यांतले आठ हिंदू आणि पाच मुसलमान, सव्वीस ब्राह्मण, तीन प्रभू, सात मराठे. आणि बाई किती? एक. तीही आनंदीबाई नाही, तिची दासी. आणि या सगळ्यांच्या वर मुख्य गुन्हेगार म्हणून रामशास्त्र्यांनी नाव घेतलं ते रघुनाथरावाचं. प्रायश्चित्त काय असं त्याने विचारलं, तेव्हा देहान्त हेच प्रायश्चित्त, असं तोंडावर सांगितलं आणि पुणं सोडून ते गावी निघून गेले.

एकोणपन्नास पुरुष आणि एक मोलकरीण. त्यावर चुलता. आणि अडीचशे वर्षांनी आपल्या ओठांवर नाव कोणाचं?

हे कसं झालं, हा माझ्या भाषणाचा विषय आहे.

त्याचं मूळ त्या कागदात आहे. रघुनाथरावाने गारद्यांना लेखी हुकूम दिला होता, हे त्याने स्वतःच कबूल केलं. पण त्याचं म्हणणं असं की मी लिहिलं होतं, नारायणरावास 'धरावे'. पकडा, एवढंच. तिथे 'मारावे' कसं झालं मला ठाऊक नाही. साताऱ्याला रेसिडेंट असलेला ग्रँट डफ, त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली छापला गेला, म्हणजे खुनानंतर त्रेपन्न वर्षांनी. तो सांगतो की रामशास्त्र्यांनी मूळ कागद पाहिला तेव्हा अक्षर बदललेलं आढळलं. बदललं कोणी? इथे तो साक्षीदार देत नाही, कबुलीजबाब देत नाही, हस्ताक्षराचा दाखला देत नाही. सर्वांची अशी समजूत आहे, म्हणून आनंदीबाईचं नाव घेतो. समजूत! आपल्याकडे एखाद्या बाईबद्दल 'सगळं गाव म्हणतंय' म्हणतात ना, तेच हे, इंग्रजी पुस्तकात छापलेलं.

आता तुम्ही माझ्याबरोबर जरा वकिलासारखा विचार करा. 'ध'चा 'मा' झाला, या गोष्टीचा फायदा कोणाला? अक्षर दुसऱ्या कोणी बदललं असेल, तर रघुनाथराव खुनी ठरत नाही. तो फक्त गादीसाठी पुतण्याला कैद करायला निघालेला चुलता ठरतो. आणि तसलं भाऊबंदकीत चालायचंच, नाही का? म्हणजे ही सगळी गोष्ट मुळात आरोपीचा बचाव आहे. आपल्या बायकोच्या मानेवर उभा राहून केलेला बचाव. न्यायाधीशाने तो मानला नाही. कागद पाहूनही त्याने दोष रघुनाथरावाच्याच माथी ठेवला. पण न्यायाधीशाने जो बचाव फेटाळला तो भाषेने मान्य केला. 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार आपण शाळेत पाठ केला, वाक्यात उपयोगही केला. रघुनाथरावाच्या नावाचा मात्र एकही वाक्प्रचार त्या यादीत नव्हता.

आणखी एक. ती अक्षरं आपण फळ्यावरच्या बाळबोध ध आणि म सारखी डोळ्यांपुढे आणतो. लहानपणी आमच्या बाईंनी खडूने ध काढून त्याचा म करून दाखवला होता, आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. पण पेशव्यांचा कारभार मोडी लिपीत चालायचा. तिथली अक्षरं निराळी, वळणं निराळी. फळ्यावर जे इतकं सोपं दिसतं त्यामुळे गोष्ट खरी वाटते, एवढाच त्या फळ्याचा उपयोग.

पुढे नाटकं आली. खाडिलकरांचं 'भाऊबंदकी' १९०९ चं. त्यातली आनंदीबाई महत्त्वाकांक्षी, नवऱ्याला टोचणारी, त्याच्या भित्रेपणाला हसणारी. नवरा कच्चा, बायको पक्की. पाहणाऱ्यांना शेक्सपिअरची मॅकबेथीण आठवते. मग प्रभातचा 'रामशास्त्री' हा चित्रपट १९४४ चा, त्यात आनंदीबाई ललिता पवार. आता ललिताबाई म्हटल्यावर प्रेक्षक काय ते समजलाच. मी ही कामं वाईट म्हणत नाही. 'रामशास्त्री' मी पाहिलाय, न्यायाधीश उभा राहतो तिथे अंगावर काटा येतो. पण नाटकाला एक खलनायिका लागते आणि चौकशीच्या यादीतले सव्वीस ब्राह्मण रंगमंचावर मावत नाहीत. त्यामुळे ते सव्वीस जण सुटले. तीन प्रभू सुटले. सात मराठे सुटले. बाई सापडली.

मी आनंदीबाईला निर्दोष ठरवायला इथे उभी नाही. ती गुहागरच्या ओकांची मुलगी, राघोबाची दुसरी बायको. नवऱ्याला गादी मिळावी असं तिला वाटत नसेल, असं मी कशाच्या जोरावर म्हणू? वाटतच असेल. सत्तेच्या घरात राहणाऱ्या बायकाही सत्तेचाच विचार करतात, त्यांच्या बोलण्याने माणसं मरतातही. बाई म्हणून आपण तिला देवी करायला गेलो तर तो आपलाच अडाणीपणा. माझं म्हणणं एवढंच आहे की 'वाटत असेल' आणि 'केलं' यांच्यामध्ये पुरावा नावाची वस्तू असते. पुरुषांच्या बाबतीत आपण ती मागतो. बाईच्या बाबतीत तिचा स्वभावच पुरावा म्हणून चालतो.

पुढचा इतिहास बघितला तर राघोबा बायकोच्या पदराला धरून चालणारा भोळा माणूस दिसत नाही. १७७४ मध्ये नाना फडणीस, सखारामबापू आणि इतर कारभारी एकत्र आले, त्याला बारभाई म्हणतात. त्यांनी राघोबाला बाहेर काढलं. गंगाबाईला पुरंदरावर नेऊन ठेवलं आणि सगळं राज्य तिच्या पोटाकडे डोळे लावून बसलं. मुलगी झाली तर काय, म्हणून दुसऱ्या गरोदर बायकाही गडावर नेऊन ठेवल्याची वदंता होती. एका विधवा पोरीच्या बाळंतपणावर राजकारण टांगलेलं! १८ एप्रिल १७७४ ला मुलगा झाला, चाळीस दिवसांचा असताना त्याला पेशवाईची वस्त्रं मिळाली. गंगाबाईचं काम झालं. १७७७ मध्ये ती वारली, तेव्हा मूल तीन वर्षांचं होतं. तिच्याबद्दल शाळेत काही शिकवल्याचं मला आठवत नाही.

आणि राघोबा? त्याने १७७५ च्या मार्चमध्ये सुरतेला इंग्रजांशी तह केला, मुलूख तोडून द्यायचं कबूल केलं. ही सही त्याचीच, इथे कोणी अक्षर बदललं नाही. त्यातून लढाई पेटली आणि ती आपल्या दारावरून गेली. १७७८ च्या शेवटी इंग्रजांची फौज राघोबाला गादीवर बसवायला पनवेलहून निघाली, हजारो बैलांवर सामान लादून बोरघाट चढली. खालापूरकडच्या बायकांनो, तुमच्या रस्त्याने. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला तिला शरण यावं लागलं. खोपोलीचं ते मोठं तळं आणि महादेवाचं देऊळ, जिथे आपण मागच्या वर्षी मेळावा घेतला, ते नाना फडणीसांनी बांधलेलं. हा इतिहास आपल्या पायाखालचाच आहे.

१७८२ मध्ये सालबाईचा तह झाला, राघोबा पेन्शन घेऊन कोपरगावला राहिला आणि १७८३ च्या डिसेंबरात मेला. आनंदीबाई तेव्हा गरोदर होती. मुलांना घेऊन पुढची दहा वर्षं तिने पेशव्यांच्या पहाऱ्यात काढली आणि १७९४ मध्ये ती वारली. मारेकऱ्यांपैकी महंमद युसुफ, खरकसिंग, तुळाजी पवार पकडले जाऊन मारले गेले. सव्वीस जणांतल्या बऱ्याच जणांची घराणी पुण्यात पुढेही नांदली असतील. त्यांच्या लेकीसुनांना कोणी 'आनंदीबाई' म्हटलं नसेल अशी आशा करू या.

आता मला या गोष्टीत सगळ्यात जास्त टोचतं ते सांगते. आनंदीबाईवर कसला आरोप आहे? विष घातल्याचा नाही, कुऱ्हाड घातल्याचा नाही. लेखणी चालवल्याचा. पेशव्यांच्या घरातल्या बायकांना लिहिता-वाचता येत असे, गोपिकाबाईंची, आनंदीबाईंची पत्रं आहेत. बाहेर लाखो बायकांना अक्षर म्हणजे काय ते माहीत नव्हतं. अशा समाजात लिहिणाऱ्या बाईची जी एक गोष्ट घरोघर पोचली, ती ही: बाईच्या हाती लेखणी आली, तिने एक अक्षर बदललं, आणि खून झाला. आजीने नातीला सांगायला यापेक्षा सोयीची गोष्ट कुठली? शिकलेली बाई पत्रं लिहील, बिघडेल, घर बुडवेल, असं एकोणिसाव्या शतकात शहाणी माणसं उघड बोलत होती. त्याच शनिवारवाड्यापासून चालत दहा मिनिटांवर, बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात, १८४८ मध्ये सावित्रीबाई-जोतीरावांनी मुलींची शाळा काढली. त्या वाटेने जाताना त्यांच्यावर शेण फेकलं गेलं. फेकणाऱ्यांच्या डोक्यात काय काय असेल याचा विचार करताना मला 'ध चा मा' आठवतोच.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिलं, ते एका अशाच खटल्यावरून. विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला मूल मारल्याबद्दल सुरतेत शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून साऱ्या बायकांच्या चारित्र्यावर लिहिणं सुरू झालं. तेव्हा ताराबाईंनी उलट प्रश्न केला की तुम्ही बायकांवर जे दोष लादता ते पुरुषांत नाहीत का? बाईने अक्षर गिरवलं की काय होतं, ते असं होतं.

त्या दोन दासींकडे येते. पेशवाईत कुणबिणी आणि बटकी विकत मिळत. त्यांच्या खरेदी-विक्रीची कागदपत्रं आहेत, किमती आहेत. त्या दुपारी वाड्यात दोघी कापल्या गेल्या. पळत असतील, मध्ये आल्या असतील, किंवा धनिणीचं दार अडवून उभ्या असतील. चाफाजी टिळेकराची स्वामिनिष्ठा आपण शिकतो, आणि ती होतीच. या दोघी हिशेबात आहेत, गाईच्या एक ओळ आधी. तिसरी दासी आरोपींच्या यादीत. मालकिणीचा निरोप इकडून तिकडे नेण्यापलीकडे तिला काही निवड होती का? आपल्यापैकी ज्या पुण्या-मुंबईच्या फार्महाऊसांवर कामाला जातात, त्यांना माझं म्हणणं लवकर कळेल. घरातली वस्तू हरवली की पहिली पिशवी कोणाची उघडतात?

बरं. आता आपल्या गावातल्या त्या बाईकडे.

मारामारी झाली तेव्हा ती चुलीपुढे होती. आरडाओरडा ऐकून बाहेर आली, नवऱ्याच्या हातात कोयता पाहिला आणि दिराला ओरडून म्हणाली, "आवरा, आवरा त्यांना!" हे शेजारच्या काकूंनी ऐकलं, तिच्या जावेने ऐकलं. दोन दिवसांनी तिला साक्षीदार म्हणून बोलावून नेलं, संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. जबाब लिहून झाल्यावर सही घेतली. त्या कागदात आलं, 'मी म्हणाले की याला आवरून टाका.' दोनच अक्षरं वाढली, 'टाका'. आणि 'त्यांना'चं झालं 'याला'. साक्षीदार होती ती आरोपी झाली. चार महिने आत होती. धाकटी मुलगी तेव्हा तीन वर्षांची, आजीकडे.

मी तिला विचारलं, अगं, सही करण्याआधी वाचलं नाहीस? ती म्हणाली, "ताई, मला सही येते, वाचता कुठं येतं?" तिची सही आम्हीच शिकवली होती. बचत गटाच्या पासबुकासाठी, आठ दिवसांत. अंगठा नको म्हणून आम्ही केवढा गाजावाजा केला होता, फोटो काढले होते. सही शिकवली आणि वाचायचं ठेवलं पुढच्या वर्षावर. हा माझ्या कामातला दोष, तो मी दुसऱ्या कोणावर ढकलत नाही.

कायदा काय सांगतो तेही ऐका, कारण तो तिच्या बाजूचा होता. साक्षीदार बाईला चौकशीसाठी तिच्या राहत्या घराशिवाय दुसरीकडे बोलावता येत नाही. पोलिसांनी तपासात घेतलेल्या जबाबावर सही घ्यायचीच नसते. तेव्हा हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६० आणि १६२ मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, त्यात कलम १७९ आणि १८१ मध्ये तेच आहे. फिर्याद देताना मात्र सही होते, पण आधी ती वाचून दाखवावी लागते आणि तिची प्रत फुकट मिळते, कलम १७३. आकडे पाठ करू नका, फळ्यावर लिहिलेत, उतरवून घ्या. आणि वाचून दाखवल्याशिवाय पेन हातात घेऊ नका. बँकेत नाही, तलाठ्याकडे नाही, हक्कसोड पत्रावर तर मुळीच नाही. भाऊ कितीही लाडका असला तरी.

खटला चालू असताना दीर-सासऱ्यांनी तिच्या नवऱ्याला सांगितलं, बायकोने भरीस घातलं म्हण, शिक्षा कमी होईल. त्याने तसं सांगितलं नाही, एवढं त्याच्या बाजूने म्हणते. पण तिने तसं केलं नाही असंही तो म्हणाला नाही. कोर्टात शेजारच्या काकू उभ्या राहिल्या. त्यांना गावाने वाळीत टाकायचं बाकी ठेवलं होतं, तरी आल्या आणि ऐकलं ते सांगितलं. २०२२ मध्ये ती सुटली. निकालाची प्रत मी गावात नेली. ज्यांनी तिला आनंदीबाई म्हटलं होतं, त्या गृहस्थांनी चष्मा लावून सगळी वाचली, घडी घालून परत दिली आणि म्हणाले, "कोर्टात काय, वकील चांगला असला की सुटतात." त्यांच्या दृष्टीने रामशास्त्रीसुद्धा वकिलाला भुलले असते.

गेल्या हिवाळ्यात आपल्या तीन गटांची सहल पुण्याला गेली, तुमच्यातल्या काही जणी होत्या. शनिवारवाड्यात माहिती सांगणारा एक मुलगा होता. 'काका मला वाचवा' त्याने दोनदा करून दाखवलं, पोरं खूश झाली. मग नारायण दरवाजापाशी आला आणि म्हणाला, इथून प्रेत बाहेर नेलं, आणि हे सगळं का झालं, तर आनंदीबाईने ध चा मा केला. ती बाई आमच्याबरोबर होती. हल्ली ती गुरुवारी आमच्या वाचनवर्गाला येते, जोडाक्षरांपर्यंत आली आहे. तिने त्या मुलाला विचारलं, "दादा, तिला करताना कुणी बघितलं व्हतं?"

मुलगा गडबडला. म्हणाला, "मावशी, असं सगळे सांगतात."

ती काही बोलली नाही. दरवाज्याजवळ पाटी होती, तिच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि बोट ठेवून एकेक अक्षर लावायला लागली. आमची बस सुटायची वेळ झाली होती, मी दोनदा हाक मारली. "थांबा ताई," म्हणाली, "पुरं वाचू द्या."